चव कशी लागती?

"मॅडम, गिळला का थुकला?"

मन्मथआप्पा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी साताऱ्याहून फार्मासिस्ट म्हणून बदली होऊन आले होते. नव्या जागेचा पहिला दिवस, अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि एस.टी.तली धूळ घशात. औषधांच्या खिडकीमागे उभी राहून मी जरा खोकले, एवढंच. माझ्या आणि शेजारच्या खोलीच्या मधल्या भिंतीत एक लहानशी झडप आहे. ती उघडली, तिच्यातून एक टक्कल आणि त्याखाली घसरलेला चष्मा बाहेर आला आणि हा प्रश्न विचारून माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"काय?" मी म्हटलं.

"बेडका. आत्ता आलता न्हवं वर? गिळला असंल तर त्याचा काय उपेग न्हाय. पुन्हा आला तर आवाज द्या, डबी देतो." झडप लावता लावता पुन्हा डोकं बाहेर आलं. "आन चव कशी लागती ते ध्यानात ठिवा."

मी हबकलेच. आमच्या घरी थुंकी हा शब्दच उच्चारला जात नसे. रस्त्यात कुणी थुंकणारा दिसला की आई आमची तोंडं धरून दुसरीकडे फिरवायची. अशा घरात वाढलेल्या बाईला पुढची चार वर्षं या माणसापासून सहा फुटांवर बसायचं होतं, आणि या माणसाला चहाच्या आधी, चहाच्या नंतर आणि चहा पितानाही एकच विषय होता.

मन्मथआप्पा म्हणजे आमच्या ग्रामीण रुग्णालयाचे प्रयोगशाळा तंत्रज्ञ. रुग्णालय लोहाऱ्याच्या बाजूला आहे, नेमकं कुठलं ते सांगत नाही. कारण पुढे या हकिकतीत एक तरुण डॉक्टर येणार आहे, तो गुणी आहे आणि त्याला अजून पुष्कळ नोकरी करायची आहे. आप्पांचं वय पंचावन्नच्या आसपास, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, लग्न झालेलं नाही, भाड्याच्या एका खोलीत एकटेच राहायचे. रक्त, लघवी हेही ते तपासत, पण घरातलं दळण आणावं तसं. जीव होता तो थुंकीत.

"रगत सुई टोचून काढता येतंय," ते मला समजावून सांगत. मी विचारलेलं नसे. "लघवी कुनीबी देतंय. थुकीचं तसं न्हाय मॅडम. मानसानं मनापासनं दिली तरच खरी येती."

सकाळी नऊला आप्पा पेशंटांची रांग घेऊन दवाखान्यामागच्या लिंबाखाली जात. हा नमुना मोकळ्या हवेत द्यायचा असतो, हे नियमात आहे. आप्पांचं प्रात्यक्षिक मात्र कुठल्याच नियमात नाही. ते कमरेवर हात ठेवून उभे राहत, डोळे मिटत, तीनदा छाती भरून श्वास घेत आणि मग असा काही आवाज काढत की लिंबावरचे कावळे उडून जात. रांगेतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

"हसायचं काम न्हाय. वरचं नको, तळचं आना. लाळ आनली तर म्या डबी वापस करनार."

आणि खरंच करत. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाची डबी त्यांनी तीनदा परत केली. तिसऱ्या वेळी तो बिचारा पायरीवर बसून मला म्हणाला, "आमी अर्ज वापस करतो तवा लोकांला असंच वाटत असंल का हो?" मी म्हटलं, असंच वाटतं.

ही लाळ दवाखान्यापुरती राहिली असती तर चाललं असतं. पण आप्पांना माणसाच्या बोलण्यातही ती दिसायची. जिल्ह्याहून एक साहेब आले, अर्धा तास 'आपल्या सर्वांच्या सहकार्याने' वगैरे बोलले आणि शेवटी कुणाला काही सांगायचंय का म्हणाले. आप्पा मागच्या खुर्चीवरून उठले. "सायेब, ही लाळ झाली. आता तळचं बोला. तपासायच्या रंगाच्या बाटल्या कवा यायच्यात?" साहेबांनी पेला उचलून पाणी प्यायलं. बाटल्या मात्र आठ दिवसांत आल्या.

एकदा सकाळी त्यांनी मलाच झडपेतून विचारलं, "कशा हाव मॅडम?"

"बरी आहे."

"ही लाळ झाली."

मी संतापलेच. काय संबंध तुमचा, असं म्हणायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. आई साताऱ्यात दवाखान्यात आहे, भाऊ फोन उचलत नाही, रजा मिळत नाही. हातात थुंकीची डबी धरून उभ्या असलेल्या माणसासमोर मी रडले. माझं झाल्यावर आप्पा म्हणाले, "आता बराबर," आणि झडप लावून घेतली. सांगायला लाज वाटते, पण मला खरंच हलकं वाटलं.

झडप बंद असली तरी आवाज यायचाच. डबीतला ठिपका काचेवर पसरायचा, लाल रंग टाकायचा, खालून तापवायचं, मग निळा रंग, आणि मग मायक्रोस्कोपखाली त्या काचेवरची शंभर ठिकाणं एकेक करून बघायची. टीबीचे जंतू असले तर निळ्यात लाल काड्या दिसतात. आप्पा ही शंभर ठिकाणं मोठ्यानं मोजत, आणि मोजत कानडीत, कारण लहानपणी आजोळी आकडे कानडीतच शिकले होते. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. मध्ये कुणी हाक मारली, चहा आला, लाइट गेली तरी माणूस उठायचा नाही. 'नूरु' म्हणजे शंभर. 'नूरु' म्हटल्यावरच ते पाठ सरळ करत. चार वर्षांत मला कानडी बोलता आलं नाही, पण शंभरपर्यंत मोजता येऊ लागलं.

आणि तो प्रश्न! तो ते प्रत्येकाला विचारत. लिंबाखाली डबी हातात घेताना, म्हातारा असो, पोर असो, नवी नवरी असो. "चव कशी लागती?" लोक बावचळायचे. कुणी म्हणायचं कडू. कुणी म्हणायचं तंबाखूवानी. एक निवृत्त हेडमास्तर तर डबी तिथंच ठेवून निघून गेले. शेवटी मी एकदा चिडून म्हटलं, "आप्पा, हा काय हॉटेलातला पदार्थ आहे का?"

"तीस वर्षं झाली, इचारतोय," ते शांतपणे म्हणाले. "ज्या दिशी पायजे ते उत्तर येईल त्या दिशी सांगतो."

"कुठलं उत्तर पाहिजे तुम्हाला?"

"ते आधी सांगितलं की मानूस तेच बोलतंय."

मी मनात म्हटलं, गेलं, कामातून गेलं हे डोकं.

त्यांची आणखी एक गोष्ट मला मनातून खुपायची. आप्पांचं ताट. काठावर 'मन्मथ' असं कोरलेलं स्टीलचं ताट आणि एक तांब्या ते कापडी पिशवीत घालून सगळीकडे नेत. दवाखान्यात, तेरला सरकारी शिबिराला, लग्नातसुद्धा. आम्ही सगळे एकत्र डबे उघडायचो तेव्हा आप्पा आपल्या खोलीच्या दारात, आपल्या ताटात, आमच्याकडे पाठ करून जेवायचे. मी एकदा सगळ्यांसाठी पुरणपोळ्या नेल्या. आप्पांनी दोन घेतल्या, पण त्या वरून ताटात टाकायला लावल्या. आवडीनं खाल्ल्या, स्वतः ताट घासलं, पुसलं, पिशवीत घातलं. माझी बशी त्यांच्यासमोर होती, तिला बोटही लावलं नाही.

"सोवळं असंल त्यांचं," आमची सिस्टर म्हणाली. मला राग आला. दिवसभर लोकांच्या थुंकीत बोटं घालायची आणि माझ्या बशीचा विटाळ? त्यानंतर मी त्यांना काही दिलं नाही. त्यांनी मागितलंही नाही.

मग सोनाबाई आल्या.

सास्तूरच्या वाटेवर मेंढरं राखणाऱ्यांची एक वस्ती आहे, तिथली साठीची बाई. वर्षभर खोकला. एका खाजगी ठिकाणी छातीचा फोटो काढला होता. त्यात खालच्या बाजूला मोठी पांढरी सावली दिसली. म्हणजे टीबी, म्हणजे गोळ्या. चार महिने गोळ्या खाऊन खोकला होता तिथंच आणि बाई निम्म्या झालेल्या. मुलगा बिरू मोटारसायकलवरून आणायचा, पण आणताना मध्ये घोंगडीची घडी ठेवायचा, आईचा श्वास पाठीला लागू नये म्हणून. आप्पांनी दोनदा डबी तपासली. दोन्ही वेळा झडपेपलीकडून 'नूरु' ऐकू आलं आणि पाठोपाठ, "काय न्हाय. काऽय न्हाय."

"घरी जेवण जातं का?" मी गोळ्या देताना विचारलं.

"जातंय की," सोनाबाई म्हणाल्या. "सून वरनं टाकती भाकर. माझी जर्मनची थाळी येगळी हाय, मेंढरांच्या वाड्यात. तिथंच ऱ्हाते म्या. लाल्या असतो संगट."

"लाल्या कोण?"

"कुत्रं. त्येवढंच जवळ येतंय. हाताला चाटतंय, अंगाला लागून झोपतंय. त्येला काय टीबी कळतंय व्हय!"

आणि हसल्या. या बाईनं मरणाबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. दर खेपेला एकच विचारायची, "मॅडम, माझं ताट घरात कवा जाईल?"

आमच्याकडे तेव्हा डॉक्टर साळवे (हे नाव खरं नाही) नुकतेच आले होते. तरुण, हुशार, जरा घाईचे. त्यांनी फोटो पाहिला आणि ठरवलं की छातीत पाणी झालंय, पाठीतून सुई घालून ते काढायचं, म्हणजे बाईंना श्वास तरी नीट घेता येईल. दिवस ठरला. सकाळपासून सोनाबाई लिंबाखाली बसून होत्या. बिरू दूर, गेटपाशी.

मी शटर उघडत होते तेव्हा त्यांना जोरात ढास लागली. एवढी की त्या पुढे वाकल्या आणि तोंडातून भळकन काहीतरी आलं. त्यांनी घाईनं ते फडक्यात घेतलं, तोंड पुसलं आणि फडकं पदराखाली लपवलं. लाजल्या होत्या बिचाऱ्या. आप्पा रांगेच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी श्वास शिकवत होते. ते तिथूनच ओरडले, "सोनाक्का! गिळला का थुकला?"

"आवो पानीच आलं नुसतं. बेडका न्हाय."

"चव कशी लागती?"

मी कपाळावर हात मारला. सोनाबाईंनी जीभ ओठांवरून फिरवली.

"खारट," त्या म्हणाल्या. "मिठाच्या पान्यावानी. लई खारट."

आप्पा जागच्या जागी थांबले. मग मी जे पाहिलं ते मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. हा पंचावन्न वर्षांचा माणूस धावत त्या बाईपाशी गेला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "फडकं द्या. आक्का, ते फडकं द्या मला." त्यांनी ते प्रसाद घ्यावा तसं हातमोज्यांत घेतलं. आत पाणी होतं आणि पाण्यात द्राक्षाच्या सालीसारखा पातळ, पांढरा पापुद्रा.

तासाभरानं सोनाबाईंना आत बोलावलं. ड्रेसिंगची खोली माझ्या समोरच आहे, पडदा अर्धा उघडा होता. त्यांना स्टुलावर बसवून पुढे टेबलावर ओणवं केलं होतं, सिस्टरनं पाठीला तांबडं औषध लावलं होतं, डॉक्टर हातमोजे चढवत होते. इकडे भिंतीमागे आप्पांची मोजणी चालू होती. मूवत्तु. मूवत्तोंदु. म्हणजे तीस, एकतीस. मी गोळ्या मोजता मोजता नकळत त्यांच्याबरोबर मोजत होते. मूवत्तारु. मूवत्तेळु.

सदतीस. आणि पुढे काहीच नाही.

चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी वळून झडपेकडे बघते तोवर त्यांची खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि आप्पा माझ्या दारावरून वाऱ्यासारखे गेले. बोटं लाल, मास्क हनुवटीवर.

"सायेब, सुई घालू नका!"

"आप्पा, बाहेर व्हा," डॉक्टर म्हणाले.

"घालू नका म्हनतो न्हवं!"

"काम चालू आहे. बाहेर!"

यावर आप्पांनी काय करावं? त्यांनी टेबलावरचा सुयांचा ट्रे उचलला आणि तो घेऊन चक्क पळून गेले. सरकारी दवाखान्यात, भर ओपीडीत, तंत्रज्ञ ट्रे घेऊन पुढे आणि डॉक्टर हातमोजे घालून त्याच्या मागे. सिस्टरच्या तोंडाचा आ मिटेना. बिरू गेट सोडून आत धावला. टेबलावर ओणव्या सोनाबाई तशाच राहून विचारत होत्या, "झालं का वो? काडलं का पानी?"

प्रयोगशाळेत आप्पांनी ट्रे आपल्या पाठीमागे धरला आणि मायक्रोस्कोपकडे हनुवटी केली. "आता आलाच हाव तर बघा."

डॉक्टर लालबुंद झाले होते. निव्वळ रागानं वाकले. वाकले ते वर आलेच नाहीत. मी झडपेतून बघत होते. केव्हातरी ते सरळ झाले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय," ते हळू म्हणाले.

मग आप्पांनी मलाही बोलावून दाखवलं. निळ्या रानात लाल रंगाचे इवलेसे विळे पडले होते. पातं वाकडं, मूठ जाड. "काड्या न्हायत मॅडम. हे टीबी न्हाय. हे किड्याच्या तोंडाचे आकडे हायत." बाईंच्या फुप्फुसात पाण्यानं भरलेली एक पिशवी वाढली होती आणि त्या पिशवीत हा किडा होता. डॉक्टरी भाषेत तिला हायडॅटिड म्हणतात. फोटोत ती पाण्यासारखीच दिसते. तिला सुई लागून आतलं पाणी अंगात पसरलं तर माणूस टेबलावरच जाऊ शकतो, आणि वाचला तरी किडा सगळीकडे पसरतो. ती त्या सकाळी थोडी फुटली होती, म्हणून पाणी तोंडात आलं. आणि ते पाणी खारट असतं.

मी स्टूल ओढून बसले. पडद्यापलीकडे सुई टोचायला किती थोडा अवकाश उरला होता, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच तासाला सोनाबाईंना ॲम्ब्युलन्समधून सोलापूरला पाठवलं. तिथं पुढच्या तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, मोसंबीएवढी पिशवी निघाली. डॉक्टर साळवे स्वतः सुट्टी काढून बघायला गेले. आल्यावर त्यांनी प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून विचारलं, "आप्पा, आत येऊ का?" तेव्हापासून ते त्या दारात असंच विचारतात.

हा किडा येतो कुठून, ते आप्पांनी बिरूला माझ्या टेबलावर समजावून सांगितलं. माझी औषधाची खोकी घेऊन. "ही मेंढी," पॅरासिटामॉल. "हे कुत्रं," खोकल्याचं औषध. "ही तुजी आई," बी-कॉम्प्लेक्स. "मेंढरू कापल्यावर पयला वाटा कुनाचा?"

"कुत्र्याचा," बिरू म्हणाला. "राखन करतंय म्हनून. आमच्यात तशीच रीत हाय."

"वाट्यात काय देता?"

"फुप्फुस, काळीज. पान्याच्या पिशव्या असलेलं. ते मानसं खात न्हाईत."

"तिथंच चुकलं लेकरा. पिशवीतला किडा कुत्र्याच्या पोटात वाढतोय. त्येची बारीक अंडी त्येच्या गुवातनं केसाला, जिभेला लागतेत. तिथनं हाताला, हातातनं भाकरीला. कुत्र्याची चूक न्हाय, मानाच्या वाट्याची चूक हाय. पिशव्या जाळायच्या नायतर खोल पुरायच्या. कुत्र्याला गोळी म्या देतो. मारू नका त्येला." मग खोकी बाजूला सारून त्यांनी बिरूच्या डोळ्यांत बघितलं. "आन नीट ऐक. हा रोग मानसाचा मानसाला होत न्हाय. कधीच न्हाय."

बिरूनं मान हलवली. पण नुसती मान हलली, एवढं मला कळायला हवं होतं.

दोन महिन्यांनी मी सोनाबाईंच्या गोळ्या द्यायला आणि आप्पा लाल्याची गोळी द्यायला, असे आम्ही आप्पांच्या जुन्या मोटारसायकलवरून वस्तीवर गेलो. गोळी जनावरांच्या डॉक्टरांकडून ते दर महिन्याला आणत. भाकरीच्या तुकड्यात खुपसून त्यांनी ती लाल्याला खाऊ घातली, हात साबणानं दोनदा धुतले आणि विचारलं, "सोनाक्का कुठं हाय?"

मेंढरांच्या वाड्यात. बाजेवर. शेजारी ती जर्मनची, ॲल्युमिनियमची थाळी.

"आता बरं हाय की त्यांला," सून अवघडून म्हणाली. "पर छातीचा आजार तो छातीचा आजार. लेकरं ल्हान हायत."

मला वाटलं आप्पा ओरडतील. ते चपला काढून ओट्याकडे वळले. सुनेनं आमच्यासाठी पिठलं-भाकरी केली होती. सगळे ओट्यावर बसलो. आप्पांनी पिशवीतून आपलं ताट काढलं, नेहमीसारखं. मग उठून वाड्यात गेले आणि सोनाबाईंना हाताला धरून घेऊन आले, दुसऱ्या हातात त्यांची थाळी. त्यांना आपल्या जागी बसवलं, पुढ्यात 'मन्मथ' कोरलेलं ताट ठेवलं, आणि ती जर्मनची, पोचे आलेली थाळी घेऊन स्वतः समोर बसले.

"वाढा," ते सुनेला म्हणाले.

"आवो आप्पा, ते आत्याबाईचं हाय!"

"म्हनूनच घेतलं. वाढा."

ती भाकरी वरून टाकायला गेली. आप्पांनी थाळी वर उचलून तिच्या हाताला टेकवली. तिनं भाकरी थाळीत ठेवली. आप्पा जेवले. सोनाबाईंच्याच तांब्यातलं पाणी प्यायले. ओट्यावर कुणी घास उचलेना, मी तर नाहीच. चार वर्षं माझ्या बशीला बोट न लावणारा माणूस! सोनाबाई त्या स्टीलच्या ताटावरून नुसता हात फिरवत होत्या. शेवटी त्यांची सहा-सात वर्षांची नात उठली, आजीशेजारी येऊन बसली आणि तिनं त्याच ताटातली भाकरी मोडली. सुनेनं तिला ओढलं नाही. जेवणं झाल्यावर सगळी भांडी एकाच ढिगात घासायला पडली.

परत निघालो. दोन किलोमीटर आल्यावर माझ्या लक्षात आलं, पिशवी रिकामी होती.

"आप्पा, थांबा! तुमचं ताट राहिलं!"

"ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण तुम्ही त्याशिवाय..."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. दोन्हीकडे तुरीचं रान होतं. ते हँडल धरून, समोर बघत बोलले.

"तवा म्या बावीस वर्षांचा. खोकला लागला. एकानं छातीला नळी लावली आन म्हनला टीबी. थुकी कुनी मागितली न्हाय. आईनं जत्रेतनं ते ताट आनलं. इतरात मिसळू नये म्हनून नाव घालून. रानात पत्र्याचं शेड होतं, तिथं माझी बाज. आई रोज यायची, भाकर वरनं टाकायची आन रडत वापस जायची. वरीसभर."

"मग?"

"मग भूकंप झाला."

त्र्याण्णवचा. या भागात भूकंप म्हटलं की तोच.

"गावातलं घर दगडमातीचं. आई, दादा, वयनी, तिची दोन लेकरं. म्या शेडात. पत्रा नुसता वाजला." थोडं थांबले. "आठ दिसांनी तंबूतला दवाखाना आला. तिथल्या डॉक्टरनं पयल्यांदा माझी थुकी मागितली. मला दुर्बिणीतनं दाखवली बी. काय नव्हतं मॅडम. स्वच्छ. टीबी कधी नव्हताच. म्या घरात झोपायच्या लायकीचा होतो हे कळलं, तवा घरात कुनी नव्हतं."

चुकीच्या निदानानं माणूस वाचला होता, आणि त्याच चुकीनं शेवटचं एक वर्ष आईचा हात लागू दिला नव्हता. याला काय म्हणायचं?

"तोच डॉक्टर म्हनला, टीबीलाबी ताट येगळं लागत न्हाय. त्येनंच हे काम शिकवलं. त्येनंच सांगितलं, एखाद्याच्या छातीत पान्याची पिशवी असती, फुटली की खारट लागतंय, इचारत जा." आप्पांनी किक मारली. "ताट काय टाकवत नव्हतं. आन त्यात जेवायची सवय झाली, की दुसऱ्याच्या ताटाला हात लावायचं भ्याव वाटतंय. आपला हात लागल्यालं कुनाला नको वाटंल म्हनून."

मला त्या बशीची आठवण झाली आणि अंगभर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडत होते. झडप उघडली. आधी टक्कल, मग चष्मा.

"मॅडम," आप्पा म्हणाले, "एखादं ताट हाय का जादा?"

जादा ताट नव्हतं. मी डब्याचं मोठं झाकण काढलं. त्यावर माझं नाव आहे, लग्नात आईनं घालून दिलेलं. त्यात भाजी-पोळी वाढली आणि हातात दिली. आप्पा झडपेतून न घेता फिरून माझ्या खोलीत आले आणि आम्हा सगळ्यांच्या मध्ये, आमच्याकडे तोंड करून बसले. सिस्टर बघतच राहिली. त्यांनी पहिला घास घेतला. मला राहवेना.

"आप्पा, चव कशी लागती?"

ते डोळे मिटून बराच वेळ चावत राहिले.

"एकावर रिपोर्ट देत न्हाय म्या," ते म्हणाले. "शंभर बघावे लागतेत." आणि दुसरा घास मोडता मोडता अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "एरडु."